लाईट गेल्यावरचं गाणं

न्हाई, न्हाई, ते पाकीट आधी पिशवीत घाल वैदेही, मग बस. त्या स्टुलावर नको, डुगडुगतंय ते — ह्या स्पीकरच्या पेटीवर बस, काय व्हत न्हाई, लग्नात हिच्यावर धा-धा पोरं चढून नाचत्यात. च्या सांगू? नको? बरं. तुमच्या घरात च्या साडेचारलाच, म्हाईत हाय मला, मालिनीकाकू घड्याळ बगून आधण ठेवायच्या. तर काय म्हणत व्हतीस तू — सुयशनं सांगितलंय, हनुमंताला म्हणावं सोळा तारखेला ये आन् एक गाणं वाजव. एकच. लई उपकार झाले. बँडला वीस वर्षं झाली म्हणून भोरात कार्यक्रम, समदी गाणी नव्यानं बाहेर काढायची, आन् त्याच्यात हनुमंतानं एका गाण्यापुरतं यायचं, हलगी बडवायची, वाकून नमस्कार करायचा आन् परत येऊन वायरी गुंडाळत बसायचं. मग त्यो स्वतः का न्हाई आला? पुणं काय विलायतंला हाय? कापूरहोळला वळलं की आलंच भोर. पर न्हाई, धाकट्या बहिणीला पुढं केलं. तू परकर घालून हिंडायचीस तवापासनं मी तुला बगतोय, तुला मी तोंडावर न्हाई म्हणणार न्हाई, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याला समदं आधीच ठाऊक असतं. लहानपणापासनं हुशार तुझा भाऊ.

त्या भिंतीकडं काय बगतीस सारखी? हलगीच हाय ती. तीच. काढू नको, धूळ हाय तिच्यावर. वाजवत न्हाई मी आता, कुणी मागितली तर भाड्यानंबी देत न्हाई. आता समदा धंदा ह्या पेट्यांचा — लगीन, बारसं, पुढाऱ्याचा वाढदिवस. बटन दाबलं की वाजतंय. हलगीचं तसं नसतं बाई. चामडं हाय ते. हवेत ओल असली, गारठा असला की मऊ पडतं, भिजल्या पुठ्ठ्यावर मारल्यावानी वाजतं. मग कागदाचा, पाचोळ्याचा जाळ करायचा, तिला जाळावरनं फिरवायची, शेकायची, बोटानं टिचकी मारून बगायची, टण्ण बोलली की उचलायची आन् लगोलग सुरू करायचं. रेंगाळलं तर पाच-धा मिनिटांत पुन्यांदा सैल. आमच्या हिरडोशीच्या गारठ्यात तर पाचच. रखमाजीबाबानं मला पयलं हेच शिकवलं — आमच्या गावच्या जत्रंत वाजवायचा त्यो म्हातारा — म्हणायचा, वाजवायला काय, कुणीबी वाजवील, शेकायला शीक. आन् माझा बाप, गेनू पारठे, त्यानं मला त्याच्यापायी चिंचंच्या फोकानं मारलंय. आपल्यात हलगी धरत न्हाईत म्हणं. मी भोरला कालिजात आलो तवा ट्रंकेत कपड्याखाली लपवून आणली व्हती ती.

तुला काय आठवतंय त्यातलं? आठ-नऊ वर्षांची व्हतीस. तुमच्या बंगल्यामागं आनंदकाकांची मोटार ठेवायची शेड, तिच्या दारात उकिडवी बसायचीस, कानांत बोटं घालून. सुयश गिटार घ्यायचा आन् गायचा, वरव्याचा गोरख बेस गिटार वाजवायचा — त्याच्या हातात ती कुदळीवानी दिसायची — आन् मी ड्रमवर. जुना सेट, कुठल्यातरी ऑर्केस्ट्रावाल्यानं फेकून दिलेला. बँडचं खटका हे नाव माझं. तेबी सुयशच्या नावावर लागलंय, असू दे. नाव कशावरनं पडलं म्हाईत हाय का? लोडशेडिंग. दोन हजार पाच साल, आठवड्याला पाळी बदलायची, सकाळी नऊ ते बारा, न्हाईतर दुपारी तीन ते सहा, टायमाला खट्ट करून लाईट जायची आन् गिटारी मुक्या. सुयश लई चिडायचा, गिटार भिंतीला लावून बसायचा. म्या म्हणलं, अरं लाईट गेली म्हणून काय गाणं मेलं का? तू गा की. तुझा गळा काय तारेवर चालतो व्हय? आन् म्या ट्रंकेतली हलगी आणली. मग आमची गाणीच तशी व्हायला लागली. एक लाईटीतला भाग, एक बिनलाईटीचा. तीनला पाच कमी असताना मी शेडमागं तुमच्या रद्दीतला कागद पेटवायचो, हलगी शेकून ड्रमशेजारी आणून ठेवायचो, गाणं सुरू करायचं, मधीच खट्ट — की दुसऱ्या मात्रंला हलगी. सुयशचा उघडा आवाज, हलगी, आन् गोरख त्या लाकडावर नुसता तळवा मारायचा. खाडा न्हाई. शेजारच्यांना वाटायचं ह्यांनी मुद्दाम केलं. वेळापत्रक पाठ व्हतं आमाला, देवाच्या आरतीवानी.

आन् शब्द कुणाचे? सांग ना, तू दारात बसलेली असायचीस, कुणाचे? तुझा भाऊ इंग्रजी गाण्यांच्या चाली गुणगुणायचा, चांगल्या व्हत्या चाली, खोटं कशाला बोलू, चाल त्याचीच. पर त्याच्यावर शब्द टाकायचे तर त्याला सुचायचं न्हाई. 'काळोख, शोध, आरसा' असलं कायतरी लिहायचा. गोरख इचारायचा, ह्यात कोण कुणाला काय म्हणतंय? माझं तसं नव्हतं. साडेपाचची एसटी चुकली की मला घर न्हाई. तुमच्या तालमी चालायच्या सहापर्यंत, तुमाला काय, मागल्या दारानं घरात. मी पळत स्टँडवर, एसटी वळणावर. मग कुणाचातरी टेम्पो निगुडघरपर्यंत, तिथनं पुढं पायी, पावसाळ्यात तर इचारू नको. आय माझी, ठकुबाई, फाट्यावर उभी राहायची. रोज. त्या चालण्यात म्या ते जुळवलं — डबल मार कंडक्टर, मी चालत येतो, गाव माझं पुढं गेलं, मी चालत येतो, दार नको लावू आये, मी चालत येतो. चालीची पावलं तीच हलगीची पावलं. दुसऱ्या दिवशी शेडमधी म्हणून दाखवलं तर गोरखच्या डोळ्यांत पाणी. आन् सुयशनं डायरी काढली आन् स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं. स्वतःच्या अक्षरात. मला काय कळतंय तवा. मला वाटलं, बरं झालं, त्याचं अक्षर चांगलं हाय.

मग पुण्याची स्पर्धा. तू आली नव्हतीस, तुला ताप व्हता. एवढं मोठं सभागृह, आत थंडगार हवा सोडलेली, खुर्च्या मखमलीच्या, आन् आमी तिघं असे एकमेकांना चिकटून उभे. गाणं मधापर्यंत आलं आन् त्या लाईटवाल्यानं, शोभंसाठी, समद्या बत्त्या एकदम उतरवल्या. बास. मला वाटलं गेली. अगं चार वर्षांची सवय, हात इचारतो का डोक्याला? काठ्या टाकल्या आन् हलगी उचलली. गोरखनं माझं बगून तारा सोडल्या आन् तळवा मारायला लागला. आन् सुयश — त्योबी माईक सोडून मागं सरकला आन् उघड्या गळ्यानं गायला लागला! तिघंबी येडे! लाईट हाय, माईक चालू हाय, समदं चालू हाय आन् आमी लोडशेडिंगमधी. आन् हलगी शेकलेली न्हाई त्या गारठ्यात. डब डब डब, नुसती डब्यावानी. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. गाणं संपलं, आत आलो, आन् तुझ्या भावानं माझ्या थोबाडीत मारली. हितं. गोरख मधी पडला म्हणून दुसरी न्हाई बसली. आन् अर्ध्या तासानं काय? पयला नंबर! परीक्षकबाई माईकवर म्हणत्यात, मधली ती शांतता, तो मातीचा दबका नाद, काय ही कल्पना. आन् पेपरवाल्यानं इचारलं तवा सुयश कसा म्हणला? 'ते आम्ही जाणीवपूर्वक केलं, ती माझी संकल्पना होती.' माझा गाल अजून लाल व्हता तवा.

हसू नको. हसायची गोष्ट न्हाई ती.

तिथनं पुढं बँड पुण्याचा झाला. नाव खटकाच, पर भोर गेलं त्याच्यातनं. सीडी निघाली, तिच्यावर काय छापलंय तुला दाखवायची गरज न्हाई, तुझ्या घरात शंभर पडल्यात — गीत-संगीत सुयश. खाली बारीक, मुंगीएवढं, तालवाद्य हनुमंत. आन् गाण्याचं काय केलं? 'मी चालत येतो'चं केलं 'मी चालत राहतो'. म्हणला, अर्थ वाढतो. म्या म्हणलं, अरं येतो म्हणजे पुढं कुणीतरी उभं हाय. राहतो म्हणजे कुणी न्हाई, नुसता हिंडतोय उंडगा. तुझा अर्थ वाढंल पर माझी आय गेली ना त्यातनं! तर म्हणला, आईची ओळ काढूच या, ती फार भावनिक होते. न्हाईचं नाही केलं, आयेचं आई, आन् मग आईबी काढली. नवी गाणी यायला लागली, त्याच्यात अर्धी इंग्रजी, अर्धी शिव्या, पुण्याच्या पोरांना लई आवडायची. मग पुण्याचा एक ड्रमवाला आणला, त्याच्या मागोमाग लॅपटॉप आला. आधी वाजवून ठेवलेलं त्यातनं सोडायचं, कानात टिकटिक ऐकत त्याच्यावर गायचं. मला म्हणला, हनुमंता, तुला यंत्रातलं कळतं, साऊंड तू बग, तूच आमचा खरा आधार. आधार! पडद्यामागं उभं केलं मला. मग सोडून का न्हाई गेलास, असंच इचारायचंय ना तुला? गाणं व्हतं ना माझं तिथं. दर कार्यक्रमात शेवटी ते म्हणायचेच. चुकीचं म्हणायचे, पर म्हणायचे. मी मागं उभा राहून मनात बरोबर म्हणून घ्यायचो. काय करणार? दुसरं कुठं व्हतं माझं काय.

गोरखकडं जाऊन आलीस का तू? वरव्याला? काय म्हणला? — येतो म्हणला? — आन्? हां... 'येतो पर जनरेटरपाशी जाणार न्हाई.' असं म्हणला व्हय. हसत म्हणला का? ... बरं. त्याला अजून डिझेल म्हणत्यात लोकं, ठाऊक हाय का तुला? बारा वर्षं झाली. कंपनीत डिझेल, एसटी स्टँडवर डिझेल. त्याच्या लग्नात, भोंगवलीला, बायकोकडच्या दारात, कुणीतरी मांडवाच्या तोंडाला रिकामा कॅन ठेवला, त्याला हार घातला, कुंकू लावलं. समदी वऱ्हाडी माणसं पोट धरून हसली. गोरखबी हसला. हसला आन् आत जाऊन बसला, अक्षतांचा टाईम झाला तरी बाहेर येईना. साऊंड माझाच व्हता त्या लग्नाला. माईक माझ्या हातात व्हता. ... मी काय करणार? म्या सनई लावली मोठ्यांदी. लोकं गप झाली.

त्या कार्यक्रमाचं म्हणतीस? तुला म्हाईत हाय की, तू व्हतीस की पुढच्या रांगेत, कालिजात व्हतीस तवा. दोन हजार तेराचा जानेवारी, नदीकडचं पटांगण. मुंबईची माणसं बगायला आलेली, त्यांना पसंत पडलं तर मुंबईला नेणार, गाण्यांची मोठी कंपनी, मोठ्ठं काम. भोरात असा मांडव झाला नव्हता कदी. संध्याकाळचे सात वाजलेले, थंडी अशी की तोंडातनं वाफ. भोरातली समदी आलेली, गावाकडनंबी जीपा भरून लोकं — आमचा हनम्या हाय म्हणून. आता हनम्या कुठं हाय? मागं, जनरेटरच्या टेम्पोपाशी. डिझेलचं काम गोरखनं घेतलेलं. तीन दिवसांची रजा टाकली व्हती त्यानं, बिचारा एवढा खूश, मोटारसायकलवर दोन कॅन बांधून आणले, काठोकाठ टाकी भरली, झाकण रुमालानं पुसलं, मला म्हणला, हनम्या, सकाळपर्यंत चालंल बग. मग लागला खेळ. शेवटचं आलं ते गाणं. आन् सुयश माईकवर काय म्हणला आठवतंय? 'हे गाणं मला भोरहून पुण्याला जाताना सुचलं.' मला! त्याला! मोटारीत! माझ्या गावची लोकं खाली बसलेली, आय माझी बसलेली खाली सतरंजीवर, शाल पांघरून, आन् त्यो म्हणतोय मला सुचलं. आय टाळ्या वाजवत व्हती. तिला काय कळणार, तिला वाटलं माझंच कवतिक चाललंय.

मला एवढंच वाटलं गं — एकदा तरी. एकदा तरी भोरात ते गाणं व्हतं तसं व्हावं. लाईट गेली की सुयश गाईल, गावंच लागंल त्याला, हाडात भिनलंय ते त्याच्या, पुण्यात न्हाई का गायला, लाईट असून गायला! त्यो गाईल, मी वाजवीन, गोरख तळवा मारंल, आन् लोकांना कळंल कुणाचं गाणं हाय. तर झालंच तसं. गाणं मधावर आलं, इंजनानं दोन आचके दिले, भक् भक्, आन् खट्ट. मिट्ट अंधार. आन् दुसऱ्या मात्रंला माझी हलगी. दुसऱ्या! टण्ण! अशी बोलली ती त्या दिवशी, अशी कडकडीत, नदीपलीकडनं आवाज माघारी आला. म्या चार पावलं वाजवली, आठ वाजवली, ती जागा आली, त्यानं उचलायची — उचलली न्हाई. म्या फिरवून पुन्यांदा आणली. न्हाई उचलली. सोळा वेळा आणली म्या ती जागा त्याच्यापुढं, वैदेही, ताटात वाढल्यावानी आणली, आन् तुझा भाऊ अंधारात तोंड मिटून उभा. पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणी बाटली फेकली. मुंबईची माणसं उठून मोटारीत बसली. जनरेटर पुन्यांदा चालू व्हईना, एकदा डिझेल तुटलं की पाइपात हवा धरती, मग व्हत न्हाई सुरू सहजासहजी. संपला खटका. का न्हाई गायला त्यो? बारा वर्षं मी हेच इचारतोय भिंतीला. एक ओळ गायला असता तर समदं वाचलं असतं. लॅपटॉपवर इतका रेलला व्हता का? का माझ्या हलगीवर गाणं कमीपणा वाटला त्याला? तू सांग.

काय? ... कवा म्हणजे? — हलगी कवा शेकली?

शेकली व्हती आधी. आधीच, कार्यक्रमाच्या आधी. सवय गं, आपलं असावं तयार म्हणून — व्हय, थंडी व्हती. व्हय, मीच म्हणलो पाच-धा मिनिटं. पर त्या दिवशी ऱ्हायली असंल, शेकोटी व्हती तिथं ड्रायव्हरची, तिच्यापाशी ठेवली असंल — मला काय एवढं आठवतंय व्हय? बारा वर्षं झाली. तू काय फौजदार हाईस का? आली गाण्याचं बोलवणं घेऊन आन् माझीच उलटतपासणी. हलगी शेकायला काय मुहूर्त लागतो —

... कुणी सांगितलं?

सुयशनं बगितलं. काय बगितलं? — पडद्यामागं जाळ. लाईट जायच्या आधी.

कवापासनं ठाऊक हाय त्याला? ... तवाच. तिथंच, माईकपाशी उभं राहून. गाता गाता मागं वळून बगितलं, पडद्याच्या फटीतनं जाळ दिसला, मी त्याच्यावर हलगी फिरवतोय, आन् मग इंजनाचे आचके. मग त्याला कळणारच. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मुंबईवाल्याला न्हाई, पुण्याच्या पोराला न्हाई. त्याला कळणार. त्यानंच तर रद्दी दिली मला चार वर्षं.

म्हणून न्हाई गायला.

येत व्हतं त्याला, तयार व्हता, आन् म्हणून न्हाई गायला.

थांब, मला बोलू दे. डिझेलचा कॉक असतो खाली, टाकीच्या नळीला. म्या त्यो फिरवला. फिरवल्यावर मिनिट-दीड मिनिट चालतं इंजन, नळीतलं संपेस्तवर. तेवढ्यात शेकली म्या. एक मिनिटाचं काम हाय, रखमाजीबाबाचा चेला हाय मी. आन् नंतर कॉक पुन्यांदा उघडला. अंधारात सुयश आला मागं, गोरख आला पळत, सुयशनं मला इचारलं, डिझेल संपलं का? मी तोंडानं काय बोललो न्हाई. आयेची आण, शब्द न्हाई काढला. नुसती मान हलवली. आन् गोरख म्हणत ऱ्हायला, अरं काठोकाठ भरलं व्हतं, हनम्या सांग की, तू व्हतास की. टाकीचं झाकण काढून हात घालायला निघाला त्यो, तर सुयश त्याच्या अंगावर ओरडला, बास कर गोरख, तुला एवढं एक काम दिलं व्हतं.

म्हणजे ठाऊक असून ओरडला! ऐकतीस का तू? ठाऊक असून! मला आत्ता ह्या मिनिटाला कळतंय हे. मला वाटायचं, त्याला खरंच वाटलं डिझेल संपलं. मग त्यो कुठला साजूक? त्यानं गोरखला वाचवायचं व्हतं की. एक शब्द बोलला असता — का न्हाई बोलला? माझी अब्रू राखायला? मला न्हाई पायजे तसली. का आपली? गाणी कुणाची हा विषय निघू नये म्हणून? बारा वर्षं मी त्याला चोर म्हणतोय मनात, आन् त्यो तिकडं बसून मला चोर म्हणतोय, आन् कॅन कुणाच्या मांडवात ठेवला? — गोरखच्या. छान. लई छान. दोघांनी मिळून केलेलं हे एकच काम बग, ज्याच्यावर दोघांचं नाव न्हाई.

गोरखला सांगितलं का तुमी? — न्हाई, नको, सांगू नको मला. उठ तू. जा. सुयशला म्हणावं मी येत न्हाई, एका गाण्याला न्हाई आन् अर्ध्याला न्हाई. रागावलो न्हाई तुझ्यावर, तू कशाला रडतीस, रडू नको दुकानात, गिऱ्हाईक येतं. चपला त्या तिकडं हाईत. पाटील आळीतनं जाऊ नको, खणलंय तिथं.

... थांब. वैदेही. थांब जरा.

पाकीट काढ ते. काय म्हणाली व्हतीस मघाशी — प्रत्येकानं आपल्या शब्दांत दोन ओळी द्यायच्या, नव्या सीडीच्या पुस्तिकेत छापणार, खाली नाव? दाखव. हे काय वर — 'शब्द : सुयश, हनुमंत.' आलो बाबा. त्याच्या मागनं आलो, पर आलो. ते असू दे तसं न्हाईतर खोडून टाक, काय करायचं ते करा. पेन हाय? तूच लिही. लिही. त्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरलेली व्हती. गोरखनं भरली व्हती. कॉक म्या बंद केला. — लिहिलंस? बगू. 'होती' कशाला केलंस? व्हती लिही. तुमच्या घरात माझं कायबी आलं की सुधारून घ्यायची खोडच हाय तुमाला. व्हती. हां.

आता खाली नाव टाक. गाण्याखाली नसलं तरी चालंल, हितं पायजे. पुरं टाक. हनुमंत गेनू पारठे, मुक्काम हिरडोशी. सुयशला दाखवायच्या आधी वरव्याला जा, गोरखला वाच. नीट सावकाश वाच, त्याला दोनदा ऐकायची सवय हाय.

जा आता. मला शटर ओढायचंय.